‘पासून’ म्हणजे दरवेळी ‘सिन्स’ नाही : मराठी भाषकासाठी इंग्रजी प्रिपोझिशन्स पक्की करण्याची रीत

काळ चुकत नाहीत, शब्दसंग्रह चांगला आहे, उच्चारही स्वच्छ आहेत, आणि तरी मुलाखतीत पहिलंच वाक्य येतं : ‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स टू इयर्स.’ पुढे ‘वी विल डिस्कस अबाउट इट’, मग ‘प्लीज सेंड द फॉर्म अनटिल फ्रायडे’. या चुका आळशी माणसांच्या नाहीत. शाळेत पाठ केलेली प्रिपोझिशन्सची, म्हणजे ऑन, इन, टू यांसारख्या शब्दांची, एक यादी त्यांच्या मुळाशी आहे : वर म्हणजे ऑन, मध्ये म्हणजे इन, ला म्हणजे टू, ने म्हणजे बाय, पासून म्हणजे सिन्स किंवा फ्रॉम. ती यादी डोक्यात असेपर्यंत कितीही सराव केला तरी त्याच चुका पुन्हा येतात.

कारण साधं आहे. मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं नामाला मागून चिकटतात. ‘टेबल’चं ‘टेबला’ होतं आणि त्याला ‘वर’ लागतं. त्यामुळे हा शब्द नामाच्या मालकीचा आहे, असं मनात बसतं. इंग्रजीत तो पुष्कळदा आधीच्या क्रियापदाच्या किंवा विशेषणाच्या मालकीचा असतो, आणि उरलेल्या वेळी जागा किंवा वेळ कशा आकाराची मानली आहे यावर ठरतो. म्हणून खालच्या टप्प्यांत आधी यादी मोडायची, मग वेळ आणि जागा, आणि सर्वांत शेवटी क्रियापदांच्या जोड्या, असा क्रम ठेवला आहे. बहुतेक जण उलटं करतात. जोड्यांची लांबलचक यादी घेऊन बसतात आणि तिसऱ्या दिवशी सोडून देतात.

लिहिण्याबद्दल एक खुलासा. देवनागरीत दोन वेगळे इंग्रजी शब्द ‘ऑफ’ असेच लिहिले जातात. या लेखात ‘चा, ची, चे’ या अर्थाचा शब्द ‘ऑव्ह’ लिहिला आहे, आणि ‘वरून सुटून, खाली’ या अर्थाचा, दोन एफ असलेला शब्द ‘ऑफ’. बोलतानाही हा फरक ठेवा. पहिल्याच्या शेवटी ‘व्ह’ ऐकू यायला हवा.

तयारी

दिवसाला २५ मिनिटं आणि सहा आठवडे धरा. साहित्य थोडंच लागतं.

एक दोनशे पानी वही. तिचे भाग आधीच पाडून ठेवा : वेळेसाठी १० पानं, जागेसाठी २०, हालचालीसाठी १०, ‘काहीच नको’ या शीर्षकाखाली १५, क्रियापदांसाठी ६०, विशेषणांसाठी ३०. उरलेली पानं सरावाची.

इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी केलेला इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश, म्हणजे लर्नर्स डिक्शनरी. मोबाइलवरचा चालेल. इंग्रजी-मराठी शब्दकोश अर्थ सांगतो, पण त्या शब्दासोबत कोणतं प्रिपोझिशन लागतं हे त्यात बहुतेकदा सापडत नाही. लर्नर्स डिक्शनरीत ते उदाहरणाच्या आधी ठळक अक्षरांत दिलेलं असतं. शोधताना क्रियापद किंवा विशेषण शोधायचं. ‘ऑन’ शोधलंत तर हाती पंचवीस अर्थ येतील आणि तुमचं उत्तर त्यांत हरवेल.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची : तुमचंच जुनं लेखन. दहा ईमेल किंवा दोन निबंध, एकूण हजारेक शब्द. त्यातलं प्रत्येक प्रिपोझिशन अधोरेखित करा आणि जाणत्या माणसाकडून किंवा शब्दकोशावरून तपासा. प्रत्येक चुकीपुढे चारपैकी एक खूण करा : ‘वे’ वेळेची, ‘जा’ जागेची, ‘क्रि’ क्रियापद किंवा विशेषणाच्या जोडीची, ‘शू’ म्हणजे नको तिथे घातलेलं किंवा हवं तिथे गाळलेलं. मग मोजा. ज्या खुणेच्या चुका जास्त, त्या टप्प्याला जास्त दिवस द्यायचे. टप्प्यांचा क्रम मात्र बदलायचा नाही.

सावधान : ‘गिव्ह अप’, ‘पुट ऑफ’, ‘लुक आफ्टर’ यांसारखी जोडक्रियापदं या सहा आठवड्यांत बाजूला ठेवा. तिथे दोन शब्द मिळून एक नवीन अर्थ होतो. तो शब्दसंग्रहाचा विषय आहे आणि इथे मिसळला की दोन्ही बिघडतात.

टप्पा १ : जुनी यादी मोडा (पहिला आठवडा)

रोज एकच मराठी प्रत्यय किंवा शब्द घ्या आणि त्याची आठ ते दहा साधी वाक्यं लिहा. समोर बरोबर इंग्रजी लिहा. ‘वर’ घेतला तर असं दिसेल :

पुस्तक टेबलावर आहे : ऑन द टेबल
मी स्टेशनवर आहे : ॲट द स्टेशन
झाडावर पोपट आहेत : इन द ट्री
दारावर पाटी आहे : ऑन द डोअर
माझ्या डोक्याच्या वर पंखा आहे : अबव्ह माय हेड
नदीवर पूल आहे : ओव्हर द रिव्हर
तो माझ्यावर रागावलाय : अँग्री विथ मी
माझा तिच्यावर विश्वास आहे : आय ट्रस्ट हर

आठ वाक्यांत ‘वर’ एकच आहे. इंग्रजीत सहा वेगळी प्रिपोझिशन्स आली आणि शेवटच्या वाक्यात एकही नाही. हे पान स्वतःच्या हाताने लिहिणं गरजेचं आहे. वाचून पटतं, पण सवय मोडत नाही.

पुढचे सहा दिवस क्रमाने ‘त/मध्ये’, ‘ला’, ‘ने’, ‘पासून’, ‘कडे’ आणि ‘शी’. ‘कडे’ या दिवशी एक वाक्य नक्की घ्या : ‘माझ्याकडे गाडी आहे.’ याचं इंग्रजी ‘आय हॅव अ कार’. ‘अ कार इज विथ मी’ किंवा ‘निअर मी’ म्हटलं, तर ऐकणाऱ्याला वाटतं की गाडी आत्ता शेजारी उभी आहे.

तपासणी : सातव्या दिवशी वही मिटून ‘वर’ची आठही वाक्यं तोंडाने इंग्रजीत म्हणा. दोनपेक्षा जास्त अडली तर पुढे जाऊ नका. आणखी दोन दिवस इथेच.

टप्पा २ : वेळ (दुसरा आठवडा)

वेळेचे नियम मोजके आहेत आणि अपवादही बोटांवर मोजण्याइतके. म्हणून सुरुवात इथून करायची.

घड्याळातला क्षण असेल तर ॲट : ॲट फाइव्ह, ॲट नून, ॲट मिडनाइट. दिवस किंवा तारीख असेल तर ऑन : ऑन मंडे, ऑन फर्स्ट मे. दिवसापेक्षा मोठा काळ असेल तर इन. महाराष्ट्र राज्य ऑन १ मे १९६० स्थापन झालं, म्हणजेच इन मे १९६० आणि इन १९६०. दिवसाचे भाग : इन द मॉर्निंग, इन द आफ्टरनून, इन द ईव्हनिंग, पण ॲट नाइट. वार जोडला की पुन्हा ऑन : ऑन मंडे मॉर्निंग.

मराठीत ‘सोमवारी’, ‘सकाळी’, ‘रात्री’ या तिन्हींना एकच ‘ई’ लागतो, म्हणून गोंधळ होतो. कानाला एक वाटणारे हे तीन शब्द तीन वेगळ्या खणांत ठेवा. सणांचंही तसंच. दिवाळीचे चार-पाच दिवस मिळून ॲट दिवाळी किंवा ड्युरिंग दिवाळी, पण एकच दिवस असेल तर ऑन : ऑन लक्ष्मीपूजन, ऑन पाडवा.

वेळेच्या शब्दाआधी ‘लास्ट’, ‘नेक्स्ट’, ‘धिस’, ‘एव्हरी’ असेल तर काहीही लावायचं नाही. ‘ऑन नेक्स्ट मंडे’ चूक, ‘नेक्स्ट मंडे’ बरोबर. ‘इन धिस मॉर्निंग’ चूक, ‘धिस मॉर्निंग’ बरोबर.

आता खरी अडचण.

‘पासून’. मराठीत ‘दोन वर्षांपासून’ आणि ‘२०२२पासून’ दोन्ही चालतं. इंग्रजी इथे वाट दुभंगते. मोजता येणारी लांबी असेल तर फॉर : फॉर टू इयर्स, फॉर थ्री डेज, फॉर अ लाँग टाइम. सुरुवातीचा बिंदू असेल तर सिन्स : सिन्स २०२२, सिन्स मंडे, सिन्स माय वेडिंग. शिवाय क्रियापदही बदलावं लागतं, कारण काम अजून चालू आहे.

चूक : आय ॲम वर्किंग हिअर सिन्स टू इयर्स.
बरोबर : आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर टू इयर्स.

एका वाक्यात दोन चुका असतात आणि लोक एकच दुरुस्त करतात. ‘आय ॲम वर्किंग हिअर फॉर टू इयर्स’ हेही बरोबर नाही. दोन्ही टोकं एकदम बदला.

‘पर्यंत’. इथे चुकलं तर नुसतं व्याकरण बिघडत नाही, निरोपाचा अर्थच फिरतो. ‘शुक्रवारपर्यंत फॉर्म पाठवा’ म्हणजे उशिरात उशिरा शुक्रवारी. इंग्रजीत बाय फ्रायडे. ‘दुकान नऊपर्यंत उघडं असतं’ म्हणजे नऊ वाजेतो सतत उघडं. इंग्रजीत अनटिल नाइन. ‘सेंड द फॉर्म अनटिल फ्रायडे’ याचा अर्थ शुक्रवार उजाडेतो फॉर्म पाठवतच राहा. कसोटी अशी : ‘पर्यंत’ काढून तिथे ‘उशिरात उशिरा’ घाला. वाक्य जमलं तर बाय. तिथे ‘सतत’ घालून जमलं तर अनटिल. अंतर असेल तर दोन्ही नाहीत. ‘स्टेशनपर्यंत चाललो’ म्हणजे वॉक्ड टू द स्टेशन किंवा ॲज फार ॲज द स्टेशन.

‘पूर्वी’ आणि ‘नी’. ‘दोन वर्षांपूर्वी’चं ‘बिफोर टू इयर्स’ करू नका. टू इयर्स अगो, आणि अगो मागून येतो, आपल्या ‘पूर्वी’सारखाच. ‘दोन दिवसांनी येईन’ हे पुढच्या काळाबद्दल असेल तर इन टू डेज. भूतकाळातल्या गोष्टीत ‘दोन दिवसांनी तो परत आला’ असेल तर टू डेज लेटर.

‘वेळेवर’ आणि ‘वेळेत’ यांच्या बाबतीत मराठी मदतीला येते. वेळेवर म्हणजे ऑन टाइम, वेळेत म्हणजे इन टाइम. वर-ऑन आणि त-इन इथे जुळतात.

तपासणी : तुमच्या नोकरीचा किंवा शिक्षणाचा प्रवास दहा वाक्यांत लिहा. त्यात फॉर, सिन्स, अगो, बाय, अनटिल हे पाचही शब्द किमान एकदा यायला हवेत. प्रत्येक ‘फॉर’पुढे लांबी आणि प्रत्येक ‘सिन्स’पुढे बिंदू आहे का, ते बोट ठेवून पाहा.

टप्पा ३ : जागा (तिसरा आठवडा)

इंग्रजी माणूस जागेकडे तीन प्रकारे पाहतो. बिंदू म्हणून पाहिली तर ॲट, पृष्ठभाग किंवा रेषा म्हणून पाहिली तर ऑन, आणि भोवती हद्द असलेली पोकळी म्हणून पाहिली तर इन. पत्त्यात तिन्ही एकत्र दिसतात : ॲट १२ टिळक रोड, ऑन टिळक रोड, इन पुणे. घराचा क्रमांक हा बिंदू, रस्ता ही रेषा, शहर ही हद्द.

मराठीत ‘वर’ आहे पण इंग्रजीत ॲट लागतो, अशी ठिकाणं एका पानावर लिहा : स्टेशनवर, विमानतळावर, बसस्टॉपवर, नाक्यावर. मराठीत ‘त’ आहे पण ॲट लागतो, अशीही लिहा : लग्नात, पार्टीत, दारात. या सर्व ठिकाणी आपण जागेच्या आकाराबद्दल बोलत नसतो. तिथे काय चाललंय किंवा कुठे भेटायचं, हे सांगत असतो. तीच जागा इमारत म्हणून पाहिली की इन येतो. पावसापासून वाचायला स्टेशनात शिरलात तर तुम्ही इन द स्टेशन.

‘शेतात’ आणि ‘शेतावर’ हा फरक मराठी शेतकरी रोज करतो आणि तो जवळजवळ जसाच्या तसा उतरतो : शेतात म्हणजे इन द फील्ड, शेतावर राहतो म्हणजे लिव्ह्ज ऑन द फार्म. ‘पहिल्या मजल्यावर’, ‘गच्चीवर’, ‘दहाव्या पानावर’, ‘फोनवर’, ‘टीव्हीवर’ या सर्वांना निःशंक ऑन लावा. ‘उन्हात’, ‘सावलीत’, ‘पावसात’, ‘आकाशात’, ‘फोटोत’, ‘पेपरात’ या सर्वांना इन. जे जुळतं त्याचीही यादी हवी, नाहीतर माणूस प्रत्येक वाक्यावर अडखळतो. गॅलरी मात्र जुळत नाही : गॅलरीत म्हणजे ऑन द बाल्कनी.

अंगावरच्या वस्तूंकडे शाळेच्या पुस्तकांत कोणी लक्ष देत नाही, आणि तिथे मराठी माणूस हमखास चुकतो. आपण म्हणतो बोटात अंगठी, पायात चप्पल, हातात घड्याळ. मराठीच्या नजरेत वस्तू घट्ट बसली, म्हणून ‘त’. इंग्रजीच्या नजरेत वस्तू कातडीच्या वर टेकली, म्हणून ऑन : अ रिंग ऑन हर फिंगर, स्लिपर्स ऑन हिज फीट, अ वॉच ऑन हर रिस्ट. गळ्यातली माळ गळ्याभोवती फिरते, म्हणून राउंड हर नेक. कपड्यांत मात्र दिशा उलटते. कपडा माणसात नसतो, माणूस कपड्यात असतो. पांढऱ्या सदऱ्यातला माणूस म्हणजे अ मॅन इन अ व्हाइट शर्ट.

वाहनं. ज्यात उठून चालता येतं त्याला ऑन : ऑन द बस, ऑन द ट्रेन, ऑन द प्लेन. ज्यात वाकून शिरावं लागतं त्याला इन : इन द कार, इन अ टॅक्सी, इन ॲन ऑटो. ज्यावर टांग टाकून बसतो त्यालाही ऑन : ऑन अ बाइक. ‘बसने गेलो’ हे बाय बस, मध्ये ‘अ’ किंवा ‘द’ न घालता. विशिष्ट बस सांगितली की बाय जातो : ऑन द फाइव्ह थर्टी बस. तसंच ‘बाय माय कार’ चूक, ‘इन माय कार’ बरोबर. पायी म्हणजे ऑन फूट.

‘समोर’ या शब्दात दोन इंग्रजी शब्द लपलेत. रांगेत किंवा जवळ, त्याच बाजूला असेल तर इन फ्रंट ऑव्ह. रस्त्याच्या पलीकडे, तोंड आपल्याकडे करून असेल तर ऑपझिट. बँकेसमोर उभा आहे असं कळवताना हे चुकलं, तर शोधणारा रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला उभा राहतो. आणि ‘ऑपझिट टू द बँक’ नको. नुसतं ऑपझिट द बँक.

‘मध्ये’ जेव्हा वस्तूंच्या अधेमधे असतो, तेव्हा वेगवेगळ्या मोजता येणाऱ्या वस्तूंत बिट्वीन, गर्दीत किंवा समूहात अमंग. बिसाइड म्हणजे बाजूला, बिसाइड्स म्हणजे शिवाय. एका अक्षराने अर्थ बदलतो.

टप्पा ४ : निघणं आणि ओलांडणं (चौथ्या आठवड्याचे तीन दिवस)

मराठीत ‘हून’, ‘तून’, ‘वरून’ असे सुटसुटीत प्रत्यय आहेत, आणि सर्वांना फ्रॉम लावण्याची चूक होते. एक नियम पुरतो : आधी वस्तू कुठे होती ते पाहा. ती ॲट किंवा नुसत्या गावी असेल तर फ्रॉम. ऑन असेल तर ऑफ. इन असेल तर आउट ऑव्ह.

पुण्याहून : फ्रॉम पुणे
कप टेबलावरून पडला : फेल ऑफ द टेबल
खिशातून किल्ली काढली : टुक द की आउट ऑव्ह हिज पॉकेट
बसमधून उतरलो : गॉट ऑफ द बस
रिक्षातून उतरलो : गॉट आउट ऑव्ह द ऑटो

शेवटच्या दोन ओळी पाहा. मराठीत दोन्हींकडे आतून उतरल्याची भावना आहे, इंग्रजीत फरक पडतो, आणि तो मागच्या टप्प्यातल्या वाहनांच्या नियमातून आपोआप निघतो. म्हणूनच टप्पा ३ पक्का झाल्याशिवाय इथे येऊ नका.

आरपार जाण्याचे तीन शब्द : बोगद्यातून किंवा गर्दीतून थ्रू, रस्ता किंवा मैदान या टोकाकडून त्या टोकाकडे अक्रॉस, अडथळ्याच्या वरून ओव्हर.

टप्पा ५ : ‘ने’ (चौथ्या आठवड्याचे उरलेले दिवस)

हातातलं साधन असेल तर विथ : रोट विथ अ पेन, कट विथ अ नाइफ. रीत किंवा मार्ग असेल तर बाय : बाय बस, बाय ईमेल, बाय चेक, बाय हँड. रोख पैसे मात्र इन कॅश. कोणी केलं ते सांगायचं असेल तर बाय : पेंटेड बाय हर. आजाराने मरण आलं तर ऑव्ह : डाइड ऑव्ह डेंग्यू. थंडीने कुडकुडणं : शिव्हरिंग विथ कोल्ड. भरलेलं असेल तर फुल ऑव्ह, पण फिल्ड विथ. हे शेवटचे दोन एकाच कागदावर शेजारी लिहा, कारण अर्थ एक असल्यामुळे ‘फुल विथ’ तोंडात येतं.

टप्पा ६ : जिथे काहीच नको (पाचव्या आठवड्याचा पहिला अर्धा)

‘डिस्कस अबाउट’, ‘एंटर इन्टू द रूम’, ‘मॅरी विथ हर’, ‘रिक्वेस्ट फॉर लीव्ह’, ‘ऑर्डर फॉर पिझ्झा’, ‘कॉन्टॅक्ट टू मी’. सर्व चुका एकाच साच्यातल्या आहेत, आणि त्यांचं मूळ मराठी क्रियापदांच्या घडणीत आहे.

आपण चर्चा करतो, प्रवेश करतो, लग्न करतो, विनंती करतो, हल्ला करतो, संपर्क करतो. मराठीत इथे नाम आणि ‘करणे’ मिळून क्रियापद होतं. प्रत्यय त्या नामामुळे येतो : कशाबद्दल चर्चा, कोणाशी लग्न, कशावर हल्ला. इंग्रजीतही नामाला प्रिपोझिशन लागतंच : अ डिस्कशन अबाउट द प्लॅन, मॅरेज टू हर, ॲन अटॅक ऑन द फोर्ट, अ रिक्वेस्ट फॉर लीव्ह. पण तेच क्रियापद झालं की ते थेट कर्म घेतं : डिस्कस द प्लॅन, मॅरी हर, अटॅक द फोर्ट, रिक्वेस्ट लीव्ह. म्हणजे मराठी माणूस नामाचं प्रिपोझिशन क्रियापदाला लावतो. एवढं कळलं की पंधरा-वीस चुका एकदम सुटतात.

वहीच्या या भागात प्रत्येक पानाच्या डावीकडे क्रियापद, उजवीकडे नाम लिहा. किमान या जोड्या भरा : डिस्कस, एंटर, रीच, मॅरी, रिक्वेस्ट, ऑर्डर, आन्सर, कॉन्टॅक्ट, अटॅक, रिझेम्बल, लॅक, एम्फसाइझ. डावीकडे काहीच नाही, उजवीकडे असेल ते. ‘लॅक’चं पान असं दिसेल : दे लॅक वॉटर, पण अ लॅक ऑव्ह वॉटर. एखाद्याचं नाम त्या अर्थाने वापरात नसेल तर उजवी बाजू रिकामी सोडा. ‘रीच’ तसंच आहे. तिथे तुलनेला अराइव्ह ठेवा : रीच्ड मुंबई, पण अराइव्ह्ड इन मुंबई, अराइव्ह्ड ॲट द स्टेशन.

हालचालीच्या काही शब्दांनाही टू नको : गो होम, कम हिअर, गो अब्रॉड. ‘कोप अप विथ’मधला ‘अप’ आणि ‘रिटर्न बॅक’मधला ‘बॅक’ हेही उगाच घातलेले शब्द. कोप विथ आणि नुसतं रिटर्न.

सावधान : या टप्प्यानंतर काही जण घाबरून सगळीकडचंच प्रिपोझिशन गाळू लागतात. उलट चूकही तितकीच सर्रास आहे. ‘एक्सप्लेन मी’, ‘सजेस्ट मी अ कॉलेज’, ‘रिप्लाय माय मेल’ ही वाक्यं चूक आहेत, कारण इथे टू हवाच : एक्सप्लेन इट टू मी, सजेस्ट अ कॉलेज टू मी, रिप्लाय टू माय मेल. ‘मला’ ऐकताच नुसतं ‘मी’ म्हणायचं की ‘टू मी’, हे प्रत्येक क्रियापदासोबत पाठ करावं लागतं. टेल आणि आस्क यांना टू नको : टोल्ड हिम, आस्क्ड हर. से, एक्सप्लेन, सजेस्ट, डिस्क्राइब, लिसन, रिप्लाय, अपॉलजाइझ, कम्प्लेन यांना माणसाच्या आधी टू हवाच.

टप्पा ७ : जोड्या (पाचव्या आठवड्यापासून पुढे)

इथे नियम नाहीत. जोड्या बसवाव्याच लागतात. त्या बसवण्याची रीत मात्र चांगली किंवा वाईट असू शकते.

वाईट रीत म्हणजे ‘अफ्रेड - ऑव्ह’ अशी दोन शब्दांची यादी. चांगली रीत म्हणजे किमान चार शब्दांचा तुकडा, आणि तो तुमच्या आयुष्यातला हवा : ‘अफ्रेड ऑव्ह अवर लँडलॉर्ड्स डॉग’. रोज पाच तुकडे, त्याहून जास्त नाही. दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी, आठव्या दिवशी आणि तीन आठवड्यांनी पुन्हा पाहा, आणि दरवेळी आधी मराठी वाचून इंग्रजी तोंडाने म्हणा. नुसतं डोळ्यांखालून घातलं तर ओळखीचं वाटतं. पण बोलताना ते येत नाही.

प्रिपोझिशनप्रमाणे गट करा. मराठी माणूस जिथे चुकतो त्या जोड्या अशा :

टू : मॅरिड टू, सिमिलर टू, सीनिअर टू, ज्युनिअर टू, प्रिफर टी टू कॉफी. ‘पेक्षा’ ऐकू आलं की आपण दॅन म्हणतो. या शब्दांना दॅन चालत नाही. ‘मॅरिड विथ टू चिल्ड्रन’ असं वाक्य कुठे वाचलंत तर ते बरोबर आहे, पण त्याचा अर्थ लग्न झालंय आणि दोन मुलं आहेत.

ऑव्ह : अफ्रेड ऑव्ह, प्राउड ऑव्ह, फाँड ऑव्ह, टायर्ड ऑव्ह, केपेबल ऑव्ह. भीती ‘ची’, अभिमान ‘चा’, इथे मराठीचा आधार मिळतो.

ॲट : गुड ॲट मॅथ्स, लुक ॲट, लाफ ॲट. ‘गणितात हुशार’मुळे गुड इन येतं, ते टाळा.

फॉर : वेट फॉर, आस्क फॉर, रिस्पॉन्सिबल फॉर, अपॉलजाइझ फॉर द डिले. माफी माणसाला टू, चुकीबद्दल फॉर.

ऑन : डिपेंड ऑन, कॉन्सन्ट्रेट ऑन, स्पेंड मनी ऑन, इन्सिस्ट ऑन, काँग्रॅच्युलेट ऑन. पहिले तीन ‘वर’शी जुळतात, म्हणून पटकन बसतात. ‘काँग्रॅच्युलेशन्स फॉर युअर रिझल्ट’ मात्र चूक, ऑन युअर रिझल्ट.

विथ : अँग्री विथ हिम, अग्री विथ, बिझी विथ. रागाचं कारण सांगायचं असेल तर अँग्री अबाउट द डिले.

इन : इंटरेस्टेड इन, बिलीव्ह इन, सक्सीड इन. फ्रॉम : डिफरंट फ्रॉम, सफर फ्रॉम, प्रिव्हेंट फ्रॉम.

टप्पा ८ : वाक्याच्या शेवटी राहिलेला शब्द

‘बसायला खुर्ची द्या’, ‘लिहायला पेन आहे का?’, ‘मी राहते ते घर’. या तिन्ही ठिकाणी मराठीत ‘वर’, ‘ने’, ‘त’ गळतात आणि कोणाचंही काही अडत नाही. इंग्रजीत ते गळून चालत नाही : अ चेअर टू सिट ऑन, अ पेन टू राइट विथ, द हाउस आय लिव्ह इन. प्रश्नातही तसंच : हू आर यू वेटिंग फॉर? व्हॉट आर यू लुकिंग ॲट? वाक्याच्या शेवटी प्रिपोझिशन येऊ नये, हे कोणी शिकवलं असेल तर ते विसरा. बोलण्यात आणि साध्या लेखनात तीच नेहमीची रचना आहे.

तपासायची युक्ती : वाक्य साधं करून पाहा. ‘आय लिव्ह इन द हाउस’ यात इन आहे, म्हणून लांब वाक्यातही इन राहणारच.

याच जागी आणखी एक चूक सापडते. प्रिपोझिशननंतर क्रियापद आलं की त्याला ‘इंग’ लागतं : गुड ॲट कुकिंग, टायर्ड ऑव्ह वेटिंग. ईमेलच्या शेवटी हजारदा लिहिलं जाणारं ‘लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू’ चूक आहे. इथला टू हे प्रिपोझिशन आहे, म्हणून टू मीटिंग यू. ‘आय ॲम यूज्ड टू गेटिंग अप अर्ली’ हेही तसंच.

टप्पा ९ : रोजचा सराव आणि शेवटची नजर

दोन सराव पुरतात. पहिला : नीट संपादित झालेल्या इंग्रजी मजकुरातला साधारण १२० शब्दांचा परिच्छेद हाताने उतरवा आणि उतरवताना प्रत्येक प्रिपोझिशनच्या जागी रेघ मारा. दुसऱ्या दिवशी मूळ न पाहता रेघा भरा, मग ताडून पाहा. चुकलेल्या जागी मोकळा शब्द लिहू नका. मागचा शब्द, प्रिपोझिशन आणि पुढचा शब्द असा पूर्ण तुकडा वहीत न्या. व्हॉट्सॲपवरचे निरोप या सरावाला घेऊ नका, त्यात आपल्याच चुका परत भेटतात.

दुसरा : आपल्या घराचं, रस्त्याचं किंवा कामाच्या जागेचं पाच मिनिटं मोबाइलवर बोलून वर्णन करा. ऐकताना फक्त प्रिपोझिशन्स मोजा आणि लिहा. लिहिताना बरोबर येणारी माणसं बोलताना कुठे घसरतात, ते इथेच कळतं.

महत्त्वाचा ईमेल किंवा अर्ज पाठवण्याआधी तो तीनदा वाचा, दरवेळी एकाच हेतूने. पहिल्या वाचनात फक्त वेळ : प्रत्येक फॉर, सिन्स, बाय, अनटिल. दुसऱ्यात प्रत्येक क्रियापदाच्या लगेच पुढचा शब्द : तिथे उगाच काही घातलंय का, काही गळलंय का. तिसऱ्यात वाक्यांचे शेवट. संगणकाची लाल-निळी रेघ ‘डिस्कस अबाउट’ कधी कधी पकडते, पण ‘अनटिल फ्रायडे’खाली ती सहसा येणार नाही, कारण व्याकरणाने ते वाक्य निर्दोष आहे. तुम्हाला उशिरात उशिरा शुक्रवार म्हणायचं होतं, हे यंत्राला माहीत नसतं. ते वाचन तुम्हालाच करावं लागेल.

सहाव्या आठवड्याच्या शेवटी तयारीतला तोच जुना हजार शब्दांचा मजकूर पुन्हा काढा आणि खुणा न पाहता नव्याने दुरुस्त करा. जुन्या आणि नव्या खुणांची तुलना करा. ज्या भागात अजूनही पाचपेक्षा जास्त चुका राहिल्या, त्या टप्प्याची वहीतली पानं पुन्हा पहिल्यापासून.